कुंपणाखालून आलेल्या सातजणी

सोमवारी सकाळी ते पिवळं यंत्र घरघरत आलं आणि शेजारणीच्या, फिदेल्मिराच्या, मळ्याच्या वरच्या टोकाला जाऊन थांबलं. ओतिलिया तेव्हा चुलीपाशी होती. राखेतून काढलेली भाकर तिने फडक्याने झटकली, तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली.

थोड्या वेळाने यंत्राचा चालक कुंपणापाशी आला. माणूस सभ्य होता. टोपी काढून, आदराने 'दोन्या' लावून म्हणाला, "दोन्या ओतिलिया ना तुम्ही? गुरुवारी सुरुवात करणार आहोत. आवाज फार होतो याचा. कोंबड्या कोंडून ठेवा, बिथरतील."

"कोंबड्यांचं बघते मी," ओतिलिया म्हणाली. "वेलींचं काय?"

"त्या तर काढायच्याच आहेत, दोन्या. मुळापासून. सगळा डोंगर पाइनची झाडं लावायला घेतलाय."

"त्या नाही म्हणत मी. माझ्या म्हणतेय."

चालकाला काही उमगेना. कुंपणाच्या अलीकडच्या वेलींना तो कशाला हात लावील? तिनेही समजावलं नाही. समजावायचं तर त्रेचाळीस वर्षं मागे जावं लागलं असतं, आणि त्याला तर अकराच्या आत गावातून डिझेल आणायचं होतं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी त्या कुंपणाशी जे झालं ते बैलांमुळे झालं. फिदेल्मिराचे दोन बैल होते, लुसेरो आणि क्लावेल. सप्टेंबरातली नांगरट चालली होती. वेलींच्या दोन ओळींमधून बैल असे चालायचे की अंगाला काडी लागू देत नसत. पण त्या दिवशी मधमाश्यांचं मोहोळ उठलं, आणि ते दोघे नांगरासकट उधळले. तार तोडली, कुंपण तुडवलं, आणि ओतिलियाच्या कडेच्या ओळीतून नांगर फरफटत थेट ओढ्यापर्यंत गेले. मागून फिदेल्मिरा धावत होती, एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी.

ओतिलियाचा नवरा नोलास्को डोक्याला हात लावून उभा.

"मोजा," फिदेल्मिरा धापा टाकत म्हणाली, "किती गेल्या?"

"सात वेली," नोलास्को म्हणाला, "आणि तुझा एक बूट."

त्या सात वेली नोलास्कोच्या आजोबांनी लावलेल्या, जुन्या, बुंध्याशी माणसाच्या मांडीएवढ्या झालेल्या. फिदेल्मिरा त्यांच्यापाशी मटकन बसली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, ओतिलिया अठ्ठावीस. वर्षभरापूर्वीच फिदेल्मिराने ओतिलियाच्या मुलाला, आरिस्तीदेसला, बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलं होतं, त्यामुळे दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या होत्या आणि नोलास्को तिचा कोम्पाद्रे. त्या डोंगरात कोमाद्रेचं नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड मानतात. बहीण जन्माने मिळते. कोमाद्रे आपण होऊन निवडायची असते.

"तुझ्या सात गेल्या, तर माझ्या सात घे," ती म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात, तिकडे तो जून ते ऑगस्ट असतो, तिने शब्द पाळला. कुंपणाच्या पलीकडे तिची मोस्कातेलची ओळ होती, पांढऱ्या, वासाच्या द्राक्षांची. अलीकडे ओतिलियाचा सगळा मळा काळ्या पाईस द्राक्षांचा. फिदेल्मिराने आपल्या ओळीतल्या सात लांब काड्या निवडल्या, तारेखालून चर खणले आणि एकेक काडी वाकवून मातीत दाबली. वाकवण्याआधी ती काडी दोन्ही तळहातांत धरून ऊब द्यायची. "उठू नको गं, नीज आता," असं पुटपुटायची. अलीकडच्या बाजूला फक्त दोन डोळे मातीच्या वर ठेवायचे, बाकी सगळी काडी जमिनीच्या पोटात. वसंतात डोळे फुटतात, काडीला खाली मुळं येतात, पण तोवर ती आईच्या अंगावर पिते. तिसऱ्या हिवाळ्यात, चंद्र उतरतीला लागला की, मधला दांडा कापायचा. त्याला तिकडे दूध तोडणं म्हणतात. बाळाचं तोडतात तसंच. आणि कापायचं ते आईवेलीच्या मालकिणीनेच. परक्या हाताने दूध तोडलं तर पोर सुकते, अशी सगळ्यांची पक्की समजूत.

आणखी एक रीत होती. जोवर दूध तुटत नाही, तोवर पोरीचं अर्धं पीक आईकडच्यांचं.

म्हणून त्या सात वेलींची वाइन दोघींची झाली. तिला नाव पडलं कुंपणाची वाइन. एप्रिलच्या शेवटी, कधी मे उजाडल्यावर, धुकं समुद्राकडून वर चढून मळ्यात बसायला लागलं की काळी द्राक्षं उतरवून होत, आणि मग सर्वांत शेवटी कुंपणाची ओळ. थंड डोंगर तो. काही वर्षी मणी पिवळे होता होता दमायचे, आंबटच राहायचे. काही वर्षी मात्र ऊन शेवटपर्यंत टिके, आणि मग टोपलीतून असा वास सुटायचा की ओढ्यापलीकडची माणसं विचारायची, "आज कुंपण उतरवलं का गं?"

ओतिलियाच्या पडवीत लाकडी हौद होता. हौदावर बांबूच्या बारीक कांब्यांची चटई अंथरायची, तिच्यावर घड ओतायचे आणि दोघींनी समोरासमोर उभं राहून तळहातांनी चोळायचे. मणी फुटून, रसासकट खाली पडतात. देठ वर राहतात. सकाळपासून चोळलं की दुपारपर्यंत हात कोपरापर्यंत चिकट, आणि मधमाश्या अंगावर. फिदेल्मिरा गाणारी होती. लग्नात, बाळ गेलं तर त्याला गाऊन निरोप द्यायला, सगळीकडे तिला गिटार घेऊन बोलवायचे. चोळता चोळता तिच्या तोंडून ओळी सुटायच्या, चोळण्याच्याच तालावर:

कुंपण घातलं तारेचं, तारेला गं काटा,
मातीच्या पोटात बाई पाण्याला सतरा वाटा.

"सतरा कुठून आणल्यास?" नोलास्को विचारायचा. "वेली सातच आहेत."

"तुम्ही गप्प चोथा दाबा, कोम्पाद्रे. गाण्यात मोजायचं नसतं."

रस उकळ्या फोडायला लागला की आठ-दहा दिवस पडवीत बोलणंही हळू व्हायचं, जणू आत कुणी आजारी आहे. दिवसातून तीनदा वर आलेला चोथा काठीने खाली ढकलायचा. थंडी फार पडली तर हौदावर घोंगडी घालायची. एका वर्षी ओतिलियाने पोरांच्या अंगावरचं पांघरूण काढून हौदावर घातलं होतं, ते अजून आरिस्तीदेस ऐकवतो. मग रस लाकडी पिंपात भरायचा, आणि सप्टेंबरात, मळ्यात पहिली हिरवी टोकं दिसली की पिंप उघडायचं. भाजलेल्या गव्हाचं पीठ पेल्यात घालून वर ती वाइन ओतायची, चमच्याने ढवळायची. पहिला पेला फिदेल्मिराचा. आईकडची ना ती!

तिसरा हिवाळा आला तेव्हा ओतिलिया कोन्सेप्सिओन शहरातल्या इस्पितळात होती, दुसऱ्या बाळंतपणाला. ती परत आली तेव्हा विचारलंच नाही. चौथ्या हिवाळ्यात विचारलं.

"पुढच्या वर्षी तोडते," फिदेल्मिरा म्हणाली. "अजून अशक्त आहेत."

पाचव्या हिवाळ्यात तिची कंबर दुखत होती. सहाव्यात चंद्र चुकला. पुढे तर गावाने म्हणच केली. कुणी लग्न लांबवलं, कुणी छप्पर शाकारायचं टाळलं की लोक म्हणायचे, "हो हो, फिदेल्मिराचं दूध तुटलं की करशील." नोलास्को दरवर्षी टोमणा मारायचा, "कोमाद्रे, पोरींना दाढा आल्या की हो, अजून अंगावरच?" आणि फिदेल्मिरा दरवर्षी आपला अर्धा वाटा दोन मोठ्या बाटल्यांत भरून, वर दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंड्याचं बूच मारून, कुंपण ओलांडून जायची.

ओतिलियाला घाई नव्हती. तो अर्धा वाटा कधी जड गेला नाही. उलट वाटायचं, बरं आहे. तेवढ्यासाठी का होईना, येते.

या मार्चमध्ये फिदेल्मिरा पायरीवरून पडली. मुलगा लादिस्लाओ आला आणि तिला कोन्सेप्सिओनला आपल्या घरी घेऊन गेला. चार दिवसांत येते म्हणून गेली. एप्रिलात डोंगरावर लाल खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. मळा विकला गेल्याचं ओतिलियाला बसच्या ड्रायव्हरने सांगितलं.

बसच्या ड्रायव्हरने.

तिने फोन केला नाही. तिलाही आला नाही. नोलास्कोला जाऊन बरीच वर्षं झाली होती; कुंपणाची द्राक्षं तिने या वर्षी एकटीने उतरवली, एकटीने चोळली. चटईच्या दुसऱ्या बाजूचे घड दोनदा बांबूवरून घरंगळून खाली पडले, कारण पलीकडून कुणी हात लावून धरत नव्हतं. पिंप भरलं. अर्ध्या वाट्याचं तिने नाव काढलं नाही.

आणि आता ऑगस्टचा शेवटचा आठवडा, गुरुवारी यंत्र. आईवेली उपटल्या की जमिनीतून ओढून येणारे दांडे अलीकडच्या सातजणींनाही मुळासकट ओढतील. न ओढल्या तरी आईचं दूध एका झटक्यात तुटेल. बेचाळीस वर्षं प्यालेल्या वेली. त्यांची स्वतःची मुळं किती खोल आहेत, कुणाला ठाऊक? चंद्र उतरतीला होता, तेवढं मात्र बरं होतं.

मंगळवारी सकाळी तिने कुदळ घेतली. रीत मोडायची नव्हती तिला. नुसतं बघायचं होतं, दांडे किती जाडीचे झालेत. तारेच्या अगदी खाली, दीड वीत खोल, पहिला दांडा लागला. तिने माती बोटांनी बाजूला केली. दांडा कुंपणाच्या खाली आला आणि संपला.

तिला वाटलं आपल्याच कुदळीने तुटला. पण काप जुना होता. त्यावर साल चढून गाठ झाली होती, वासराच्या कोवळ्या शिंगाच्या टोकासारखी. बोटभर मातीपलीकडे दुसरं टोक, तेही तसंच बुजलेलं. काप तिरका, उजवीकडून डावीकडे उतरत गेलेला. असा काप उजव्या हाताने बसत नाही. त्या डोंगरात छाटणीचा चाकू डाव्या हातात धरणारी बाई एकच होती.

ओतिलिया दुसऱ्या वेलीपाशी गेली. तिथेही तसंच. तिसरी, चौथी. दुपारपर्यंत तिने सहा खड्डे खणले. सहाच्या सहा जणींचं दूध कधीच, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच, तुटलेलं. स्वतःच्या मुळांवर उभ्या राहून त्या फळत होत्या, आणि फिदेल्मिरा दरवर्षी अर्धा वाटा नेत होती.

ती खड्ड्याच्या काठावर बसली. आधी राग आला. मग हसू आलं. मग दोन्ही एकदम, आणि त्यातलं कुठलं आधी पुसावं ते कळेना.

सातवा खड्डा तिने संध्याकाळच्या आत खणला. सातव्या वेलीचा दांडा अखंड होता. मनगटाएवढा जाड, काळा, ओलसर, कुंपणाखालून सरळ आईकडे गेलेला.

मग मात्र तिने फोन केला. सुनेने उचलला.

"कोण बोलतंय?"

"कुंपण बोलतंय म्हणून सांग."

पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला, मग काठी टेकल्याचा. मग श्वास.

"बोल, कुंपणा," फिदेल्मिरा म्हणाली.

"सहा," ओतिलिया म्हणाली.

पलीकडे खुर्ची करकरली.

"खणलंस होय."

"खणलं."

"आणि सातवी?"

"सातवी तुझी. तूच येऊन बघ. गुरुवारी यंत्र उतरतंय."

"ओती, मला चालवत नाही गं. इथे दोन जिने आहेत."

"उतरायलाच सांगतेय ना? चढायला कुठे सांगतेय!"

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर तुझा लादिस्लाओ उचलून नेईल. डोंगर उचलून दिला त्याने, आई जड होते काय?"

हे बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. पलीकडून शहरातल्या गाड्या ऐकू आल्या.

"सकाळची बस असते का अजून?" शेवटी फिदेल्मिराने विचारलं.

बुधवारी ती आली. अंगात शहरी निळा कोट, हातात काठी, कोटाच्या खिशात फडक्यात गुंडाळलेला तो बाकदार चाकू. बसमधून उतरल्यावर तिने वर डोंगराकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत, एकेक पाऊल मोजून, कुंपणापर्यंत आली. ओतिलियाने तिच्यासाठी ठेंगणं स्टूल आधीच मांडलं होतं. बसवलं. पेल्यात पीठ घालून वाइन ओतली, अजून कोवळी, पिंपातून मुदतीआधी काढलेली.

फिदेल्मिराने ढवळलं, एक घोट घेतला. "या वर्षी देठ जास्त राहिले यात."

"एकटीने चोळल्यावर राहणारच."

"हं."

"मला ड्रायव्हरने सांगितलं, फिदे. तिकीट फाडता फाडता. 'तुमच्या शेजारणीचा मळा गेला ना?' म्हणाला. मी म्हटलं, 'हो, माहितीय.' खोटं बोलले. तुझ्यासाठी."

"सांगायला तोंड नव्हतं मला. सहीचा कागद समोर ठेवून लादिस्लाओ म्हणाला, 'आई, तू पडलीस तर तिथे कोण उचलणार?' मी म्हटलं, 'ओती.' तो म्हणाला, 'आणि ओती पडली तर?'"

ओतिलियाने तिच्या पेल्यातला चमचा काढून झटकला.

"तुला विचारलं असतं, तर तू तरी काय केलं असतंस?" फिदेल्मिराने विचारलं.

"काही नाही. रडले असते. दोघी मिळून रडलो असतो. तेवढंही ठेवलं नाहीस माझ्यासाठी."

फिदेल्मिराने पेला खाली ठेवला. तिच्या समोरच ते सहा खड्डे उघडे होते, ओळीने. तिने काठीच्या टोकाने पहिल्या खड्ड्यातली बुजलेली गाठ दाखवली, जुना दागिना ओळखावा तशी.

"तू इस्पितळात होतीस त्या हिवाळ्यातलं आहे हे. आठवतं? त्याच जूनमध्ये माझा नवरा पलीकडे अर्जेंटिनाला तेलविहिरींच्या कामाला गेला. वसंतात येतो म्हणाला."

"आठवतं."

"जुलैत त्याच्या चुलतभावाने येऊन सांगितलं की तो येणार नाही. तिकडे त्याचं दुसरं घर झालंय. दुसऱ्या दिवशी मी चाकू घेतला आणि इथे आले. काहीतरी कापायचंच होतं मला त्या दिवशी. चंद्रही बरोबर होता. एक कापली, दुसरी कापली. वाटलं, बरं झालं, माझ्याकडून सगळ्यांचं सुटलं. सहा झाल्या. सातवीवर चाकू टेकवला, तेवढ्यात नोलास्को आला."

"नोलास्को?"

"तिथे, त्या क्विन्सच्या फळझाडापाशी उभा राहिला. सगळं बघितलं त्याने. मला म्हणाला, 'कोमाद्रे, पुढच्या हंगामासाठी चटई नवी विणलीय मी. दोन बाजूंनी चोळणारं कुणीतरी लागेल. येशील ना?'" फिदेल्मिराने पेल्याचा काठ पुसला. "मी म्हटलं, 'येईन.' तो गेला. मी सहा खड्डे बुजवले आणि सातवी तशीच ठेवली."

"का?"

"नाहीतर माझं बोलणं खोटं ठरलं असतं ना! दूध तुटलं नाही असं म्हणायचं, तर एकीचं तरी न तुटलेलं नको? मी लबाड असेन, ओती, पण खोटारडी नाही."

ओतिलियाला हसू फुटलं, इतकं की तिला कुंपणाचा खांब धरावा लागला. "आणि तो मेला दरवर्षी टोमणे मारायचा! 'पोरींना दाढा आल्या, पोरींना दाढा आल्या!'"

"त्याला माहीत होतं की मला माहीत आहे की त्याला माहीत आहे. म्हणूनच तर मारायचा."

"मला कधी बोलला नाही."

"तुला बोलला असता तर तू मला बोलावलंच असतंस. पण दयेने. वाट्याने यायचं आणि दयेने यायचं, यात फरक आहे, बाई."

ओतिलियाच्या डोळ्यांपुढे नोलास्को आला, चोथा दाबणारा, दातांत काडी धरून हसणारा. तिशी ओलांडलेली आपण, कडेवर दुसरं लेकरू, आणि चटईपलीकडे गाणारी फिदेल्मिरा. त्या हंगामात ती किती बारीक झाली होती! आपण विचारलं होतं, "जेवत नाहीस का गं?" ती म्हणाली होती, "द्राक्षं खाऊन पोट भरतंय." आणि आपल्याला ते खरं वाटलं होतं. चाळीस वर्षं जे आपण देतोय असं वाटत होतं, ते आपल्यालाच कुणीतरी देत होतं. दोघं मिळून.

"ऊठ," ती म्हणाली. "चारला बस आहे तुझी. सातवी उरकू."

फिदेल्मिराला वाकता येईना. ओतिलियाने तिला पाठीमागून दोन्ही बगलांत हात घालून धरलं आणि हळूहळू खड्ड्याच्या काठावर बसवलं. फडकं सोडून तिने चाकू डाव्या हातात घेतला. मनगटाएवढा दांडा चाकूने एका दमात कापण्यातला नव्हता. तिने आधी वरची साल गोल कापली, मग थोडं थोडं करत आत गेली. अर्ध्यावर चाकू अडकला. ओतिलियाने आपला हात तिच्या हातावर ठेवला.

"परका हात नको," फिदेल्मिरा म्हणाली.

"परका कुठला? गप्प काप."

शेवटचा धागा तुटला तेव्हा कट्ट असा बारीकसा आवाज झाला. दांड्याची दोन टोकं मातीत वेगळी झाली, मध्ये बोटभर अंतर.

त्या दिवसांत वेलींची मुळं जागी झालेली असतात. कुठेही काप द्या, पाणी सुटतं. मुळं खालून ढकलतात आणि कापातून ते थेंब थेंब गळतं. लोक म्हणतात, वेल रडतेय. न रडणारी वेल मेलेली समजायची. आईकडचं टोक लगेच पाझरलं. क्षणात त्याच्याखालची माती काळी झाली. शंभर वर्षांची मुळं होती ती, उद्या उपटली जायची होती तरी आजचं पाणी त्यांनी थांबवलं नाही. फिदेल्मिराने तिकडे एकदा पाहिलं आणि तळहाताने त्या टोकावर माती लोटली.

लेकीकडचं टोक कोरडं होतं.

"येईल," ओतिलिया म्हणाली.

"हं."

दोघी खड्ड्यात बघत बसल्या. कापाचा रंग फिकट हिरवा, मध्ये तपकिरी ठिपका. त्याच्यावर ऊन आलं. एक मुंगी आली, कापावरून चालत गेली, तिचे पायही भिजले नाहीत.

"मी तेव्हाच तोडायला हवी होती," फिदेल्मिरा म्हणाली. "बहिणींबरोबर. तीन वर्षांची असताना. आता हिला सवयच नाही. माझ्या हट्टापायी अपंग राहिली पोर."

"थांब जरा."

"मुळंच नसतील हिला. लागलीच नसतील कधी. कशाला लावेल मुळं? आयतं मिळत होतं."

"फिदे, तू शहरात जाऊन फार बोलायला लागलीस. थांब म्हटलं ना."

खालच्या वळणावर बसचा कर्कश भोंगा वाजला. तो ड्रायव्हर नेहमी आधी वळणावर वाजवायचा, मग फाटकाशी. फिदेल्मिरा उठायला गेली, काठी शोधली आणि काठीवर हात ठेवून तशीच थांबली. तिची नजर खड्ड्यातून हलली नव्हती.

कापाच्या कडेला काहीतरी चमकलं. थेंब नव्हता तो, नुसता ओलावा, घाम फुटावा तसा. मग तो ओलावा खालच्या कडेला सरकत गेला, जमा झाला, फुगला, आणि एक थेंब लोंबत राहिला.

"आली बघ," ओतिलिया कुजबुजली.

"कशावरून? दांड्यात उरलेलं आईचंच असेल. मागचं." फिदेल्मिरा मान हलवत होती. "पहिल्या थेंबाचं काही खरं नसतं. दुसरा बघायचा."

पहिला थेंब पडला. मातीने पिऊन टाकला.

बस फाटकाशी आली. भोंगा वाजला, पुन्हा वाजला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "येताय का, सेन्योरा? का मूळ धरलंत तिथेच?"

"जा तू!" ओतिलिया मान न वळवता ओरडली. "आम्ही कामात आहोत!"

"काम कसलं? खड्ड्यात तर बघताय!"

"तेच काम आहे!"

बस धूर सोडत निघून गेली. कोंबड्या परत फाटकाशी आल्या. फिदेल्मिराने कोटाची वरची दोन बटणं सोडली.

"लादिस्लाओ ओरडेल," ती म्हणाली.

"ओरडू दे. उद्या उचलून नेईल म्हटलं ना."

"उद्या यंत्राच्या आवाजात इथे बसायचं मी?"

"कोंबड्यांबरोबर आत बसू आपण. कोंडून."

फिदेल्मिरा हसली नाही. तिने बोट पुढे केलं, कापाच्या खाली धरलं, स्पर्श न करता. दुसरा थेंब गोळा होत होता. हा लवकर आला. तो फुगला, थरथरला आणि तिच्या बोटावर पडला. त्याच्या पाठोपाठ तिसरा. मग थांबायलाच तयार नाही, एकामागून एक, शांतपणे, खालून कुणीतरी पाठवत असल्यासारखे.

तिने बोट तोंडात घातलं.

"गोड आहे?" ओतिलियाने विचारलं.

"नाही गं. नुसतं पाणी. थोडी मातीची चव."

"कुठल्या बाजूच्या मातीची?"

फिदेल्मिरा बराच वेळ चाखत राहिली.

"तुझ्या," ती म्हणाली. "तुझ्याच बाजूची आहे." आणि मग जरा वेळाने, नाक ओढून, "म्हणजे आता माझा अर्धा वाटा गेला."

"गेला," ओतिलिया म्हणाली. "पुढच्या एप्रिलला नुसतीच ये. चटईच्या पलीकडून घड पडतात माझे."